बायोचारचा रिपोर्ट का फसतो: ढिगातून सॅम्पल काढण्यापासून आकडे लावेपर्यंत, क्रमवार

पऱ्हाटीचा, तुराट्यांचा, बाभळीचा, तुसाचा बायोचार (कमी हवेत भाजून केलेला, मातीत घालायचा कोळसा) आता गावोगाव होतोय आणि लोक तो लॅबला पाठवतात, रिपोर्ट येतो, आणि मग फोन येतात की सामू (पीएच) दोन वेळा दोन वेगळे आले, कर्ब (कार्बन) एवढा कमी कसा, शेजाऱ्याचा राखेचा आकडा माझ्या निम्मा कसा. दहातल्या आठ वेळा बायोचार ठीक असतो आणि मोजणी चुकलेली असते. चूक मशीनमध्ये क्वचित असते, ती सॅम्पल काढताना होते, ओलावा न मोजल्यानं होते, नाहीतर मातीची पद्धत जशीच्या तशी कोळशाला लावल्यानं होते.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की बसवा, ओलावा सगळ्यात आधी मोजायचा, कारण पुढचा प्रत्येक आकडा कोरड्या वजनावर टेकलेला असतो. ओलावा चुकला की खाली सगळं चुकत जातं आणि कुठे चुकलं ते शोधूनही सापडत नाही.

## आधी काय जमवायचं

घरी किंवा गटाच्या शेडमध्ये करायच्या चाचण्यांसाठी एवढं पुरतं:

- ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा (सोनाराकडे असतो तसा, ५०० ग्रॅमपर्यंत वजन घेणारा). किचनचा १ ग्रॅमवाला काटा फक्त घनतेला चालतो, ओलाव्याला नाही.
- ओव्हन. साधा ओटीजी चालतो, पण त्याच्या बटणावरच्या आकड्यावर विश्वास नको, आत वेगळा थर्मामीटर ठेवा.
- हवाबंद झाकणाचा काचेचा डबा आणि त्यात सिलिका जेल.
- पीएच मीटर, आणि ४, ७ व ९.२ चे बफर (मीटर जुळवून घ्यायला लागणारे ठराविक पीएचचे द्राव). कागदी पट्ट्या नकोत, काळ्या पाण्यात रंग कळत नाही.
- ईसी मीटर (ईसी म्हणजे विद्युत वाहकता, पाण्यात विरघळलेले क्षार किती ते यावरून कळतं). आरओ फिल्टरबरोबर मिळणारा टीडीएस पेन बऱ्याच जणांकडे असतो, पण तो ईसीला आतल्या आत एका गुणकानं गुणून पीपीएम दाखवतो आणि हा गुणक सगळ्या पेनांत सारखा नसतो. ईसी थेट दाखवणारा घ्या.
- डिस्टिल्ड पाणी. बोअरचं नको, आरओचंही नको.
- १ लिटरचं मोजपात्र, १० मिलिमीटर आणि २ मिलिमीटरची चाळणी, फिल्टर पेपर, नरसाळं, खलबत्ता.
- एन-९५ मास्क. कोळशाची बारीक धूळ फुप्फुसात बसते, रुमाल बांधून भागत नाही.

राख, कार्बन-हायड्रोजन, सीईसी (कॅल्शियम-पोटॅशियमसारखी अन्नद्रव्यं धरून ठेवायची क्षमता), जड धातू हे लॅबचं काम आहे. घरी तव्यावर जाळून राख काढणारे व्हिडिओ आहेत, तसला आकडा कुठेही लिहू नका.

> सावधान: भट्टीतून काढलेला ताजा बायोचार विझल्यासारखा दिसतो आणि आत धुमसत असतो. पोत्यात भरला की काही तासांनी पोतं पेटतं. पसरून किमान एक दिवस उघड्यावर ठेवा, हात आतपर्यंत घालून गरम लागत नाही ना बघा, मगच सॅम्पलला हात लावा.

## टप्पा १: ढिगातून सॅम्पल

मातीचा नमुना कसा घ्यायचा हे आपल्याला माहीत असतं, तेच इथे विसरायला होतं आणि लोक ढिगाच्या वरून एक ओंजळ उचलून पिशवीत घालतात. ढिगात वर मोठे तुकडे राहतात, बारीक चुरा खाली जातो, आणि राख चुऱ्यात जास्त असते. शिवाय भट्टीत कडेचा माल आणि मधला माल सारखा भाजलेला नसतो. म्हणून वरची ओंजळ आणि तळाची ओंजळ हे दोन वेगळे बायोचार समजा.

१. ढीग फावड्यानं एकदा पूर्ण पलटी करा. पलटी करणं शक्य नसेल तर वर, मध्ये, तळाशी, कडेला अशा १५ ते २० जागा धरा.

२. प्रत्येक जागेवरून साधारण सारखं माप घ्या (एक मग). मोठे तुकडे आले तर तेही घ्यायचे, निवडायचं काही नाही.

३. सगळं ताडपत्रीवर नीट मिसळा, गोल ढीग करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन भाग काढून टाका. उरलेलं पुन्हा मिसळा, पुन्हा चार भाग. साधारण ३ किलो उरेपर्यंत हेच.

४. लगेच तीन जाड पिशव्यांत भरून तोंड बंद. अ पिशवी न फोडलेली, ओलावा आणि भौतिक चाचण्यांसाठी. ब पिशवी दळून लॅबला जाणारी. क राखीव, हिला कोणीही हात लावायचा नाही, रिपोर्टवर वाद झाला तर हीच कामाला येते.

पिशवीवर बॅच नंबर, कच्चा माल, तारीख, विझवलं पाण्यानं की मातीनं हे मार्करनं लिहा. विझवण्याची नोंद का म्हणाल तर खड्डा पद्धतीत लोक वरून काळी माती लोटून विझवतात, ती माती तुकड्यांना चिकटते आणि रिपोर्टमध्ये राख म्हणून दिसते, मग "पऱ्हाटीच्या कोळशात एवढी राख?" असं वाटतं. आणि अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यानं विझवलं तर त्या पाण्यातलं मीठ कोळशात वाळून बसतं, ईसी वाढतो. पिशवीवर नोंद नसली की महिन्याभरानं हे कोणाला आठवत नाही.

तपासा: अ पिशवीतलं मूठभर आणि ब पिशवीतलं मूठभर शेजारी शेजारी ओता. एकात चुरा जास्त दिसत असेल तर मिसळणं नीट झालं नाही, परत करा.

## टप्पा २: ओलावा

पाण्यानं विझवलेल्या बायोचारमध्ये ओलावा किती असेल याचा डोळ्यानं अंदाज लागतच नाही, वरून कोरडाठक्क दिसणारा तुकडा आत पाणी धरून असतो.

१. रिकामी स्टीलची वाटी वजन करा. समजा ८२.४० ग्रॅम.

२. अ पिशवीतला ५० ग्रॅम बायोचार घाला, थर जाड नको. एकूण १३२.४० ग्रॅम.

३. ओव्हनमध्ये १०५ अंशांवर रात्रभर.

४. बाहेर काढून लगेच सिलिका जेलच्या डब्यात, झाकण लावून गार होऊ द्या. मग वजन. समजा ११८.४० ग्रॅम.

५. परत दोन तास ओव्हनमध्ये, परत गार, परत वजन. फरक ०.०५ ग्रॅमपेक्षा कमी आला की थांबा. जास्त आला तर अजून दोन तास.

हिशेब: गेलेलं पाणी १४ ग्रॅम, राहिलेला कोरडा बायोचार ३६ ग्रॅम. ओल्या वजनावर ओलावा १४ भागिले ५०, म्हणजे २८ टक्के. कोरड्या वजनावर १४ भागिले ३६, म्हणजे ३८.९ टक्के. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त कशावर काढलाय ते लिहिलंच पाहिजे. एकरी १ टन कोरडा बायोचार टाकायचा ठरलाय आणि माल असा २८ टक्के ओला आहे तर ट्रॉलीत १३८९ किलो लागतो (१००० भागिले ०.७२). १ टन ओला माल विकत घेणाऱ्याला ७२० किलोच कोळसा मिळतो, बाकीचं पाणी.

इथे होणाऱ्या चुका तीन. गरम वाटी तशीच काट्यावर ठेवतात, गरम हवा वर उठते आणि वजन कमी दाखवतं. दुसरी, वाटी टेबलावर उघडी गार करतात, तेवढ्यात कोळसा हवेतली ओल ओढतो, कोकणात पावसाळ्यात तर काट्यावर वजन वाढताना डोळ्यांदेखत दिसतं, शेवटचा आकडा स्थिर होतच नाही. तिसरी, उन्हात वाळवलं म्हणजे कोरडं झालं असं धरतात. उन्हात वाळलेल्या बायोचारमध्ये काही टक्के ओलावा राहतोच.

> सावधान: मायक्रोवेव्हमध्ये बायोचार वाळवू नका. कार्बन मायक्रोवेव्ह जोरात शोषतो, तुकडा आतून लाल होतो आणि पेटतो. गॅसवर कढईतही नको, तळाचा थर जळून राख होतो आणि जळून गेलेला कार्बन तुम्ही ओलावा म्हणून मोजता.

## टप्पा ३: घनता आणि तुकड्यांचा आकार

हे सोपं आहे, पटकन उरकतं. अ पिशवीतला माल १० मिलिमीटरच्या चाळणीतून काढा (वर किती राहिला तेही लिहा), १ लिटरच्या पात्रात सैल ओता, वर सपाट करा, वजन घ्या. मग पात्र जमिनीवर हलकेच दहादा आपटा, जेवढी पातळी खाली गेली तेवढं परत भरा, परत वजन. सैल आणि ठोकलेली अशी दोन्ही लिहा.

ओलाव्याची वजावट इथेही करायची. १ लिटर माल ३१० ग्रॅम भरला आणि ओलावा २८ टक्के आहे तर कोरडी घनता लिटरला २२३ ग्रॅम. बायोचार पोत्यावर किंवा ट्रॉलीच्या मापानं विकत घेत असाल तर हाच आकडा तुमचे पैसे वाचवतो.

चाळणी कोरड्या मालावर जोरजोरात मारू नका, तुकडे आपसात घासून चुरा होतो आणि तुम्ही मोजता तो आकार शेतातला नसतो, चाळणीनं केलेला असतो.

## टप्पा ४: पाणी घेतो का, आणि किती धरतो

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी पाणी आत शिरतंय का ते बघा.

वाळवलेला बायोचार थोडा बारीक करून बशीत सपाट पसरा, ड्रॉपरनं पाण्याचा एक थेंब वर सोडा आणि सेकंद मोजा. ५ सेकंदांच्या आत जिरला तर पाणी घेणारा. काही बॅचमध्ये थेंब अळूच्या पानावर बसतो तसा गोल, चकचकीत बसून राहतो, बशी कलती केली की काळी पूड अंगाला लावून घरंगळत जातो, मिनिटभरानंही जिरत नाही. हा बहुतेक कमी तापमानावर भाजलेला, धूर बाहेर न जाता परत तुकड्यांवर बसून त्याचं डांबर झालेला माल असतो. दहा जागी दहा थेंब सोडा, एका थेंबावरून काही ठरवू नका.

याच वेळी हाताची परीक्षा करून घ्या. चुरा तळहातावर चोळा, नुसत्या पाण्यानं धुवा. स्वच्छ निघाला तर बरं, चिकट तेलकट काळं राहिलं आणि साबण लागला तर डांबर आहे. हा आकडा नाही, रिपोर्टमध्ये लिहायचा नाही, पण पुढच्या बियाण्याच्या चाचणीत काय दिसेल याची चाहूल इथेच लागते.

आता जलधारण क्षमता:

१. कोरडा केलेला २० ग्रॅम बायोचार (१० मिलिमीटरखालचा, दळायचा नाही) भांड्यात घ्या, पाणी घाला, चमच्यानं दाबून बुडवा. पूर्ण २४ तास ठेवा, मधून मधून हलवा.

२. नरसाळ्यात ओला फिल्टर पेपर बसवा, पेपरसकट नरसाळ्याचं वजन घ्या. कोरड्या पेपरचं वजन घेतलं तर पेपरनं प्यायलेलं पाणी कोळशाच्या नावावर जातं.

३. सगळं ओता, वर झाकण ठेवा, निथळू द्या. थेंब पडायचा थांबला की अजून दोन तास.

४. वजन घ्या, नरसाळं-पेपर वजा करा. समजा ओला बायोचार ६८ ग्रॅम. मग धरलेलं पाणी ४८ ग्रॅम, ४८ भागिले २०, म्हणजे कोरड्या वजनाच्या २४० टक्के.

सगळ्यात जास्त घाई या चाचणीत होते. अर्धा तास भिजवून निथळलं तर तुकड्याच्या आत हवा अडकलेली असते आणि आकडा खूप कमी येतो. उलट दळून पीठ केलं तर कणांच्या मधलं पाणी वाढून आकडा फुगतो.

आणि २४० टक्के बघून हुरळून जाऊ नका. एकरी १ टन कोरडा बायोचार म्हणजे २४०० लिटर पाणी, आणि एकर ४०४७ चौरस मीटर, म्हणजे रानावर पसरलं तर ०.६ मिलिमीटर पाणी. त्यातलंही सगळं मुळांना मिळत नाही, बारीक छिद्रांतलं पाणी कोळसा सोडत नाही. बायोचारमुळे मातीची घडण बदलून पाणी मुरण्यात फरक पडू शकतो, पण तो मातीत मोजायचा. "आमच्या बायोचारनं दोन पाळ्या वाचतात" असं कोणी या आकड्यावरून सांगत असेल तर हा हिशेब त्याच्यासमोर मांडा.

## टप्पा ५: लॅबसाठी दळणं

ब पिशवी. हा टप्पा लोक किरकोळ समजतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी फसगत इथे होते.

बायोचार खलबत्त्यात कुटून २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढायचा. आता होतं काय, चांगला भाजलेला कोळसा दोन ठोक्यांत फुटतो. अर्धवट भाजलेलं लाकूड, आतून तपकिरी राहिलेलं, ते फुटत नाही, चाळणीवर राहतं. आणि आपण काय करतो, "हे कडक राहिलं" म्हणून ते खडे कडेला टाकून देतो. म्हणजे नेमका जो खराब भाग मोजायला हवा होता तोच फेकला, आणि लॅबला गेला फक्त चांगला भाग. रिपोर्ट छान येतो, शेतात माल वेगळाच जातो.

म्हणून नियम एकच, खलबत्त्यात घातलेलं सगळं चाळणीखाली गेलंच पाहिजे. फुटत नसेल तर कात्रीनं कापा, कानशीनं घासा, पण टाकू नका. खडे, माती, तार अशा वस्तू मात्र वेगळ्या काढून त्यांचं वजन लिहा.

दळण डोळ्यांदेखत ओलसर लागत असेल तर आधी ४० अंशांवर सावकाश वाळवा. दळून झाल्यावर या ब पिशवीचा ओलावा परत एकदा काढा, तो अ पेक्षा वेगळा असणार. मास्क लावा, पंखा बंद.

तपासा: कुटायच्या आधीचं आणि चाळल्यानंतरचं वजन. २ टक्क्यांपेक्षा जास्त घट म्हणजे काहीतरी सांडलं किंवा धूळ उडाली.

## टप्पा ६: ईसी आणि पीएच, याच क्रमानं

मातीला आपण १ भाग माती आणि २.५ भाग पाणी घेतो. बायोचारला तेवढं पाणी घातलं तर तो सगळं पिऊन चिखल होतो आणि मीटर बुडवायला जागाच राहत नाही. बायोचारसाठी १ भागास २० भाग पाणी.

१. ५ ग्रॅम कोरडं वजन लागतं. ब पिशवीत ६ टक्के ओलावा असेल तर ५ भागिले ०.९४, म्हणजे ५.३२ ग्रॅम घ्या.

२. १०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी. आधी थोड्या पाण्यात कालवून ओला करा, मग बाकीचं घाला, नाहीतर पूड वर तरंगत राहते आणि खाली नुसतं पाणी मोजलं जातं.

३. बाटली बंद करून दीड तास हलवा. शेकर नसेल तर दोघं मिळून आळीपाळीनं, दर पाच मिनिटांनी जोरात. प्रत्येक बॅचला सारखंच करा.

४. थोडं बसू द्या, वरचं पाणी गाळा.

५. आधी ईसी, मग पीएच. उलट केलं तर पीएचच्या इलेक्ट्रोडमधलं पोटॅशियम क्लोराइड पाण्यात झिरपतं आणि ईसी वाढलेला दिसतो.

६. पीएच मीटर ७ आणि ९.२ च्या बफरवर लावून घ्या. ४ आणि ७ वर लावून ९.८ मोजणं चुकीचं, आणि ही चूक सर्रास दिसते.

७. तीन वेगवेगळ्या बाटल्या करा, तिन्हींचा आकडा लिहा. पीएचमध्ये ०.२ पेक्षा जास्त फरक असेल तर मिसळणं किंवा इलेक्ट्रोड बघा.

> सावधान: १:२० ला आलेला ईसी मातीच्या १:२.५ च्या ईसीशी ताडून बघू नका. पाणी आठपट आहे, आकडा साहजिकच कमी दिसतो. "मातीपेक्षा ईसी कमी आला, बिनधास्त टाका" हे याच घोळातून येतं.

पीएचबद्दल अजून एक. पीएच ९.५ आला म्हणजे माती तेवढी अल्कधर्मी होईल असं नाही. पीएच सांगतो पाण्यात या क्षणी काय आहे, माती बदलायची ताकद किती ते सांगत नाही. ती ताकद राखेतल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियमच्या कार्बोनेट-ऑक्साइडवर असते. तुसाच्या बायोचारमध्ये राख भरपूर असते पण ती बहुतेक सिलिका, तिची चुन्यासारखी ताकद फार थोडी. म्हणून सारखाच पीएच असलेले दोन बायोचार रानात वेगळे वागतात. लॅबला "कॅल्शियम कार्बोनेट सममूल्य" म्हणून वेगळी चाचणी मागा.

कोकण-गोव्याच्या आंबट जांभ्या मातीत ही ताकद उपयोगी पडते. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या चुनखडी जमिनीत, जिथे सामू आधीच ८ च्या वर असतो, तिथे राख जास्त असलेला बायोचार म्हणजे चुन्यात अजून चुना. तिथे राख कमी असलेला माल शोधा.

## टप्पा ७: लॅबला काय मागायचं

कृषी विद्यापीठं आणि केव्हीकेच्या (कृषी विज्ञान केंद्र) माती परीक्षण केंद्रांत मातीची किट आणि मातीच्या पद्धती असतात, मातीसाठी त्या योग्यच आहेत. पण "सेंद्रिय कर्ब" म्हणून तुम्ही बायोचार दिला तर तिथे वॉकली-ब्लॅक पद्धत लागते, डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्लाची. पक्क्या भाजलेल्या कोळशाच्या कार्बनला ते मिश्रण पूर्ण खाऊच शकत नाही. जेवढा कोळसा चांगला तेवढा कर्ब कमी दिसतो. माझ्या पहिल्या बॅचचा असा रिपोर्ट आला होता, कर्बाचा आकडा वाळलेल्या शेणखताच्या रांगेतला, आणि मी भट्टीच चुकली असं समजून पुढचा सगळा हंगाम तापमान कमी-जास्त करत बसलो. भट्टी ठीक होती.

लॅबला फोन करून आधी हे विचारा आणि अर्जावर लिहून द्या:

राख. किती तापमानावर काढता? ७५० अंश की ५५०? लाकडी कोळशाची जुनी अमेरिकन मानक पद्धत, एएसटीएम डी १७६२, ७५० अंश सांगते. चुनखडी असलेल्या मालात ५५० ला कार्बोनेट राखेत राहतं, ७५० ला त्यातला कार्बन डायऑक्साइड उडू लागतो, त्यामुळे एकाच मालाचे दोन आकडे येतात. शेजाऱ्याचा आणि तुमचा आकडा जुळत नसेल तर आधी हेच विचारा.

कार्बन-हायड्रोजन. सीएचएनएस अ‍ॅनालायझरवर (कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, सल्फर मोजणारं मशीन), कोरड्या सॅम्पलवर. कार्बोनेट असेल तर तो कार्बन वेगळा काढून वजा करून सेंद्रिय कार्बन. घरची खूण: पुडीवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला आणि फसफसलं तर कार्बोनेट आहे.

सीईसी. सॅम्पल आधी धुतला का ते विचारा. न धुतलेल्या बायोचारमध्ये राखेतले विरघळणारे क्षारच मोजले जातात आणि आकडा फुगतो. ताज्या बायोचारचा सीईसी तसाही कमी असतो, मातीत मुरत जातो तसा वाढतो, त्यामुळे नुसत्या या आकड्यावर माल नाकारू नका.

पृष्ठक्षेत्रफळ. शेतासाठी यावर खर्च करू नका. महाग आहे, आणि नायट्रोजन वायूनं मोजलं की कार्बन डायऑक्साइडनं मोजलं यावर आकडा बदलतो.

पीएएच (अर्धवट जळण्यातून तयार होणारी घातक संयुगं) आणि जड धातू. स्वच्छ पऱ्हाटी-तुराट्यांच्या मालाला दर बॅचला गरज नाही, एकदा करून घ्या. प्लायवुड, रंग दिलेलं लाकूड, शहरी कचरा यांचा बायोचार चाचणीला पाठवण्याआधी शेतासाठी करूच नका.

## टप्पा ८: रिपोर्ट हातात आल्यावर

सगळ्यात महत्त्वाचा आकडा हायड्रोजन-कार्बन गुणोत्तर, कारण माल किती पक्का भाजला आणि मातीत किती टिकेल हे त्यावरून कळतं. इंटरनॅशनल बायोचार इनिशिएटिव्हच्या मानकात आणि युरोपियन बायोचार सर्टिफिकेटमध्ये, दोन्हीकडे हे कमाल ०.७ आहे. पण ते मोलचं, म्हणजे अणूंच्या संख्येचं गुणोत्तर आहे, वजनाच्या टक्क्यांचं नाही.

समजा कोरड्या सॅम्पलवर सेंद्रिय कार्बन ७२ टक्के, हायड्रोजन २.४ टक्के. चुकीचा हिशेब: २.४ भागिले ७२ = ०.०३, "०.७ च्या कितीतरी खाली!" असं केलं तर कच्चं लाकूडसुद्धा पास होतं. बरोबर हिशेब, आधी प्रत्येकाला त्याच्या अणुभारानं भागायचं: २.४ भागिले १.००८ = २.३८. ७२ भागिले १२.०११ = ५.९९. मग २.३८ भागिले ५.९९ = ०.४०. हा माल चांगला.

आता हाच माल १० टक्के ओला असताना मशीनमध्ये गेला असता तर? पाण्यात वजनानं ११.२ टक्के हायड्रोजन असतो, तो मशीनला वेगळा ओळखता येत नाही. कार्बन ६४.८ दिसतो, हायड्रोजन ३.२८, आणि गुणोत्तर ०.६०. ओलावा १५ टक्के असेल तर ०.७२. म्हणजे उत्तम भाजलेला माल नापास, फक्त ओलाव्यामुळे. टप्पा २ वर एवढा जीव का काढला ते इथे कळतं. रिपोर्टमध्ये "कोरड्या वजनावर" असं लिहिलेलं नसेल तर लॅबला विचारा, उत्तर मिळेपर्यंत आकडा वापरू नका.

तपासा: राख, कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन यांची बेरीज करा. १०० च्या वर गेली तर काहीतरी चुकलंय. १०० ला जेवढी कमी पडते तो ढोबळमानानं ऑक्सिजन.

## टप्पा ९: बियाणं आणि आपली माती

लॅबच्या रिपोर्टची वाट बघताना ही चाचणी लावून टाका.

आपल्याच शेतातली चाळलेली माती घ्या. तीन मिश्रणं: नुसती माती, १ टक्का बायोचार, ५ टक्के बायोचार, सगळं कोरड्या वजनावर. एका एकरात वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन ढोबळ ८०० टन धरलं तर १ टक्का म्हणजे एकरी ८ टन, शेतातल्या नेहमीच्या मात्रेच्या कितीतरी वर, त्यामुळे त्रास असेल तर तो इथे नक्की दिसेल. प्रत्येक मिश्रणाचे तीन कप, प्रत्येक कपात २० मेथीचे दाणे. पाणी मोजून नको, हाताला सारखी ओल लागेल इतकं, कारण बायोचारचे कप जास्त पाणी पितात आणि सारखं मोजून घातलं तर त्यांतलं बियाणं तहानेनं कमी उगवतं आणि आळ बायोचारवर येतो.

सातव्या दिवशी उगवण मोजा आणि दोन-चार रोपं अलगद उपटून मुळं बघा. नुसत्या मातीतलं मूळ पांढरं, लांब. त्रासदायक बायोचारमध्ये टोक तपकिरी होऊन आखडलेलं दिसतं, कधी कधी उगवण सारखी असते आणि फरक फक्त मुळात असतो, म्हणून नुसते कोंब मोजून थांबू नका.

फरक दिसला तर तोच बायोचार तीनदा डिस्टिल्ड पाण्यानं धुवून परत लावा. धुतल्यावर ठीक उगवलं तर दोष बहुधा क्षारांचा, धुवून किंवा पावसात ठेवून सुटतो. धुवूनही मूळ जळत असेल तर डांबराचा, तो माल शेणखतात कुजवून दोन महिन्यांनी परत तपासा आणि पुढची भट्टी जास्त तापवा.

कप टाकून देऊ नका. १ टक्क्याचे आणि नुसत्या मातीचे कप ओलसर ठेवून पंधराव्या दिवशी त्यांतली माती वाळवा आणि तिचा सामू मातीच्या पद्धतीनं, १:२.५ ला मोजा. तुमच्या रानाचा सामू या बायोचारनं किती हलणार, ते या दोन आकड्यांच्या वजाबाकीत दिसतं.